खडकाची भेग आणि ओढ्यातले जीवाणू

द्वितीय वर्ष कला (भूगोल)

‘फ्रॅकिंग’ हा शब्द गेल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळतो. जमिनीखाली खूप खोल असलेला खडक पाण्याच्या प्रचंड दाबाने फोडायचा आणि त्यात अडकलेला वायू किंवा तेल वर काढायचे, अशी ही रीत आहे. अमेरिकेत ती मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील ओढ्यांवर आणि त्या ओढ्यांत राहणाऱ्या जीवाणूंवर तिचा काय परिणाम होतो, यावर तेथील संशोधकांनी बरेच काम केले आहे.

आपला पुणे जिल्हा काळ्या पाषाणाचा. येथे तेलाच्या विहिरी नाहीत आणि वायूच्याही नाहीत. तेव्हा या विषयाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याची हीच युक्ती, फार लहान प्रमाणावर, आपल्या महाराष्ट्रातही वापरली जाते. कमी पाण्याच्या हापशाचे पाणी वाढावे म्हणून विंधनविहिरीत हा प्रयोग करतात. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘जलभंजन’ म्हणतात. अमेरिकेतली वायूची विहीर आणि आपल्या वाडीवरचे बोअर यांत तत्त्व एकच आहे. परिणामांची दिशा मात्र उलटी आहे, असे हा विषय वाचत असताना माझ्या ध्यानात आले. ते कसे, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

ओढ्यात कोण राहते?

माझे गाव पाली. भोर-वेल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात प्रत्येक घळीतून ओढा वाहतो. कानंदी गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला, नीरा भीमेला आणि भीमा कृष्णेला. भूगोलाच्या पुस्तकात ही नावे नकाशावरच्या निळ्या रेघा असतात. आमच्याकडे त्या रेघांची सुरुवात होते. असा ओढा वरवर पाहिला तर त्यात खेकडे, मुऱ्या, बेडूक आणि शेवाळ एवढेच दिसते. पण पाण्यातला एखादा दगड उचलला की हाताला बुळबुळीत लागते. तो थर म्हणजे असंख्य सूक्ष्मजीवांची वस्ती होय. ओढ्याच्या चमचाभर पाण्यात लाखो जीवाणू असतात आणि तळाच्या गाळात तर त्याहून पुष्कळ अधिक.

‘जीवाणू’ म्हटले की आपल्याला रोग आठवतो. वास्तविक ओढ्यातले बहुतेक जीवाणू निरुपद्रवी असतात, इतकेच नव्हे तर त्यांच्यावाचून ओढा चालणार नाही. पडलेली पाने तेच कुजवतात. कुजलेल्या पानांवर आणि दगडावरच्या थरावर किडे पोसतात, किड्यांवर मासे. नत्र, गंधक, लोह यांची एका रूपातून दुसऱ्या रूपात ने-आण करण्याचे कामही त्यांचेच. गावात जसे सुतार, लोहार, कुंभार आपापले काम करून गावगाडा चालवीत, तशीच ही व्यवस्था आहे.

प्रत्येक जातीच्या जीवाणूला ठराविक परिस्थिती मानवते. कोणाला आंबट पाणी लागते, कोणाला खारट. कोणाला प्राणवायू हवा, तर कोणी प्राणवायूत मरतो. पाण्यात काही बदल झाला की मासे मरण्याच्या कितीतरी आधी या वस्तीत फेरबदल होतो. काही जाती कमी होतात आणि एरवी कोपऱ्यात असणाऱ्या काही एकदम वाढतात. म्हणून ओढ्यातले जीवाणू हे पाण्यातल्या बदलाचे पहिले साक्षीदार ठरतात.

त्यांची साक्ष घ्यायची कशी? पूर्वी पाण्याचा थेंब पोषक द्रव्यावर टाकून त्यावर काय वाढते ते पाहत. परंतु निसर्गातले बहुतेक जीवाणू अशा थाळीत वाढतच नाहीत. आता पाण्यातून किंवा गाळातून त्यांचे डी. एन. ए. वेगळे काढतात आणि त्यातील ‘सोळा एस’ नावाच्या एका जनुकाची अक्षरे वाचतात. हे जनुक सर्व जीवाणूंत असते, पण प्रत्येक गटात त्याचा मजकूर थोडा निराळा असतो. त्यावरून कोणत्या गटाचे किती जीवाणू आहेत, याचा अंदाज बांधता येतो. शिरगणतीचाच हा प्रकार म्हणायचा.

खडक कसा फोडतात?

पाण्याच्या दाबाने विहिरीतील खडक फोडण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन येथे १९४७ साली झाला आणि १९४९ पासून त्याचा व्यापारी वापर सुरू झाला. आजची रीत पुष्कळ पुढे गेलेली आहे. ‘शेल’ नावाचा चिखलाचा थरावर थर बसून झालेला खडक असतो. त्याच्या बारीक छिद्रांत वायू असतो, पण ती छिद्रे एकमेकांना जोडलेली नसल्यामुळे वायू वाहत नाही. म्हणून दीड-दोन किलोमीटर खाली सरळ विहीर पाडतात, नंतर ती आडवी वळवून शेलच्या थरातून दूरवर नेतात आणि तीत प्रचंड दाबाने पाणी सोडतात. खडकाला भेगा पडतात. पाण्यात मिसळलेली वाळू त्या भेगांत पाचरीसारखी बसते आणि त्यांना मिटू देत नाही.

या पाण्यात वाळूशिवाय थोडी रसायनेही असतात. त्यांचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास असले तरी मूळ पाणीच इतके असते की एकूण आकडा मोठा होतो. पेनसिल्व्हानिया राज्यातल्या एका विहिरीला सुमारे दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागते. पंधरा लिटरचा एक हंडा धरला तर दोन कोटी लिटर म्हणजे तेरा लाखांहून अधिक हंडे झाले!

या रसायनांत जीवाणू मारणारी औषधेही असतात. ग्लुटाराल्डिहाइड हे त्यांपैकी एक. दवाखान्यात उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी ते वापरतात. विहिरीत जीवाणू मारण्याचे कारण असे की, काही जीवाणू गंधकयुक्त क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू लोखंडी नळ खातो. एवढा बंदोबस्त करूनही जीवाणू संपत नाहीत. अमेरिकेच्या ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा खोल विहिरींतून जिवंत जीवाणूंची आख्खी वस्ती उघडकीस आणली. त्यांत पूर्वी माहीत नसलेला एक प्रकार होता. फ्रॅकिंगवरूनच त्याला ‘फ्रॅकिबॅक्टर’ असे नाव दिले गेले.

खडक फोडल्यावर पाण्याचा काही भाग परत वर येतो. येताना तो खडकातले क्षार घेऊन येतो. हे पाणी समुद्राच्या पाण्याहून कितीतरी खारट असू शकते आणि त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड व किरणोत्सर्गी रेडियमही असते. विहीर शेतात आणि ओढा शेजारी, अशा स्थितीत हे पाणी सांडले, टाकी फुटली किंवा नळ गळला तर ते ओढ्यातच जाणार. शिवाय रस्ते आणि सपाट जागा करण्यासाठी डोंगर उकरला की माती ओढ्यात येते. विहिरीच्या नळाभोवतीचे सिमेंट नीट बसलेले नसेल तर मिथेन वायू वर झिरपतो. अशा तीन-चार वाटांनी विहिरीचा परिणाम ओढ्यापर्यंत पोहोचू शकतो.

पेनसिल्व्हानियातील एकतीस ओढे

आता या ओढ्यांतल्या साक्षीदारांनी काय सांगितले ते पाहू. पेनसिल्व्हानियात हंटिंग्डन येथे ज्युनिआटा कॉलेज नावाचे एक लहान महाविद्यालय आहे. मुख्यतः पदवीपर्यंतचे शिक्षण देणारी ही संस्था आहे. तेथील संशोधकांनी राज्याच्या वायव्य भागातील उगमाजवळच्या छोट्या ओढ्यांचा अभ्यास हाती घेतला. त्यांचा एक निबंध २०१४ मध्ये आला आणि अन्य सहकाऱ्यांसह केलेल्या पाच वर्षांच्या कामाचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१६ या काळात ३१ ओढ्यांतून पाणी, गाळ वगैरेंचे १८९ नमुने घेऊन त्यांनी जीवाणूंची शिरगणती केली. काही ओढ्यांच्या परिसरात वायूच्या विहिरी होत्या, काहींच्या परिसरात नव्हत्या.

निष्कर्ष मोठे उद्‌बोधक आहेत. जीवाणूंच्या वस्तीत दिसणाऱ्या फरकाचे मुख्य कारण पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता, हे होते. त्याखेरीज विहिरी असलेल्या परिसरातील ओढ्यांच्या गाळात काही विशिष्ट गट ठळकपणे वाढलेले आढळले. त्यांत मिथेन खाणारे जीवाणू होते आणि मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीवही होते. यांतले काही गट पाचही वर्षे टिकून राहिले. म्हणून असे गट खुणेचे समजावेत आणि त्यांच्यावरून ओढ्यावर नजर ठेवावी, असे संशोधकांनी सुचवले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. विहिरीजवळच्या ओढ्यात अमुक जीवाणू वाढले, यावरून विहिरीनेच ते वाढवले असे सिद्ध होत नाही. पेनसिल्व्हानियात जुन्या कोळशाच्या खाणी आहेत आणि त्यांतून झिरपणारे पाणीही आम्लच असते. ओढ्याखालचा खडक आणि काठचे झाड यांचाही पाण्यावर परिणाम होतो. म्हणूनच संशोधकांना विहिरी नसलेले ओढे तुलनेसाठी घ्यावे लागले.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका उदाहरणात तुलना अधिक सरळ होती. तेथे वापरलेले खारे पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याचे एक केंद्र होते आणि त्याच्या शेजारून वुल्फ क्रीक या नदीला मिळणारा ओढा वाहत होता. केंद्राच्या वरच्या बाजूचे आणि खालच्या बाजूचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा खालच्या बाजूला सोडियम, क्लोराइड, बेरियम, ब्रोमाइड यांचे प्रमाण वाढलेले दिसले. तेथील गाळातील जीवाणूंची विविधता कमी झाली होती आणि वस्तीची रचनाही बदललेली होती. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला.

‘पिण्याचे पाणी वरचे, गुरांचे खालचे आणि धुण्याचे त्याच्याही खालचे’ हा नियम आमच्याकडच्या बायकांना कोणी शाळेत शिकवलेला नाही. वरचे आणि खालचे पाणी ताडून पाहण्याची ही शास्त्रीय रीत त्याच नियमाची थोरली बहीण आहे, असे मला वाटते.

आपला काळा पाषाण

भारतात शेलमधील वायूचा शोध सुरू झाला तो ओ. एन. जी. सी.ने प. बंगालमध्ये दुर्गापूरजवळ. जानेवारी २०११ मध्ये तेथील विहिरीतून वायू मिळाला. पुढे २०१३ मध्ये केंद्र सरकारने याविषयीचे धोरण जाहीर केले आणि गुजरातच्या खंबात खोऱ्यातही काम झाले. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवला व तेथे तेल-वायूच्या नव्या शोधाला बंदी घातली. आपल्या सह्याद्रीत हा प्रश्न आला नाही, कारण येथे सर्वत्र लाव्हारसाचा बेसॉल्ट पसरलेला आहे.

मात्र आपल्या पाषाणातही जीवाणू आहेत, हे कोयनेने दाखवून दिले. कोयना धरणात पाणी साठू लागल्यावर काही वर्षांतच, ११ डिसेंबर १९६७ रोजी, तेथे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. धरणाच्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांचा भूकंपांशी काय संबंध आहे, हे शोधण्यासाठी कराड येथे केंद्र सरकारची भूगर्भ संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. कोयना परिसरात दीड किलोमीटरपर्यंत खोल छिद्रे घेण्यात आली. पाटण तालुक्यातील गोठणे येथे २०१६-१७ मध्ये तर तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. रासाटी येथील छिद्रात बेसॉल्टचा थर सुमारे ९३० मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. या छिद्रांतून काढलेल्या खडकांचे नमुने आय. आय. टी. खरगपूरच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा सूर्यप्रकाशाचा स्पर्श कधीच न झालेल्या त्या खडकातही जीवाणूंच्या वस्त्या आढळल्या. म्हणजे आपण ज्याला मुका दगड म्हणतो, तोही अगदी निर्जीव नाही.

हापशातले जलभंजन

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला विंधनविहिरींकडे वळवले. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. हापशाचा इतिहासही बराचसा मराठी मुलखातला आहे. जालना आणि सोलापूर येथे मजबूत पंपांचे प्रयोग झाले आणि त्यांतल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा देशभर पसरलेला हापसा तयार झाला.

परंतु काळ्या पाषाणाचा एक स्वभाव आहे. तो वाळूसारखे पाणी धरीत नाही. पाणी असते ते मुरमात, मांजऱ्या खडकात आणि घट्ट खडकाच्या भेगांत. छिद्र भेगेला लागले तर पाणी, दोन हातांवरून चुकले तर कोरडे. आमच्याकडे पावसाळ्यात खाचरांतून पाणी ओसंडते आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी हापशावर रांग लागते, याचे कारण या खडकात आहे.

अशा कमी पाण्याच्या बोअरमध्ये जलभंजन करतात. प्रथम हापसा काढून बोअर साफ करतात. मग रबराचा फुगणारा बूच नळाला जोडून घट्ट खडकात, ठरवलेल्या खोलीवर उतरवतात आणि फुगवून बोअर बंद करतात. त्याच्या खालच्या भागात यंत्राने दाबाखाली पाणी भरतात. दाबाचा काटा चढत जातो आणि एका क्षणी एकदम उतरतो. भेग उघडल्याची ती खूण होय. बुजलेल्या भेगांतला गाळ निघतो, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि दूरचे पाणी बोअरकडे येऊ लागते. सगळ्याच बोअरना यश येते असे नाही, पण नवे बोअर घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो.

याच्याच जोडीला आणखी एक उपाय आहे. विहिरीजवळच्या ओढ्याच्या पात्रात छिद्रे घेऊन सुरुंगाने तळाचा खडक भेगाळतात, म्हणजे ओढ्याचे पाणी विहिरीकडे झिरपते. त्याला ‘स्ट्रीम ब्लास्ट’ असे इंग्रजी नावच रूढ आहे.

उलटा प्रवास

आता तुलना करू. वायूची विहीर दीड-दोन किलोमीटर खोल. हापशाचे बोअर बहुधा साठ मीटरच्या आसपास. तेथे कोट्यवधी लिटर पाणी. येथे टँकरने आणण्याइतके. तेथे वाळू, रसायने आणि वर येणारे जहाल खारे पाणी. येथे यांतले काही नाही. तेव्हा जलभंजनामुळे आपल्या ओढ्यांत पेनसिल्व्हानियासारखे काही होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. फ्रॅकिंग हा शब्द ऐकून घाबरणे हे अर्धवट ज्ञानाचे लक्षण ठरेल.

मग काळजीची बाब कोणती? अमेरिकेत प्रश्न असा की, विहिरीतून ओढ्यात काय गेले. आपल्याकडे प्रश्न असा की, ओढ्यातून आणि अंगणातून विहिरीत काय आले. जीवाणूंचा प्रवास येथे उलट दिशेने होतो.

पावसाचे पाणी माती आणि मुरमातून सावकाश खाली जाते, तेव्हा ते गाळले जाते. त्यातले जीवाणू मातीच्या कणांना चिकटतात, बरेचसे वाटेतच मरतात. भेगेतून पाणी धावते. तेथे गाळणी नाही. वायूच्या विहिरीतल्या भेगांवर दीड-दोन किलोमीटर जाडीचा खडक असतो. आपले बोअर मुळात उथळ. त्यात उघडलेली भेग वरच्या मुरमाला जाऊन भिडली तर गोठ्याचे मूत, शोषखड्डा, शौचालयाचा खड्डा किंवा गढूळ ओढा यांच्यातले पाणी थोड्या वेळात बोअरमध्ये पोहोचू शकते. २०१४ नंतर खेडोपाडी शौचालये झाली ही मोठीच चांगली गोष्ट आहे. पण भेगाळ खडकात खड्डा आणि हापसा यांच्यामधले अंतर नुसते पावलांनी मोजून भागत नाही. भेग कोणत्या दिशेला जाते हेही पाहावे लागते. पहिल्या पावसानंतर हापशाला गढूळ पाणी येऊ लागले, तर वरचे पाणी न गाळता आत येत आहे, असे समजावे.

दूषित पाण्यातला जीवाणू काय करू शकतो, याची आठवण पुणे परिसराला अलीकडेच झाली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि पिण्याच्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. या घटनेचा जलभंजनाशी काही संबंध नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त राहता येत नाही, एवढ्याचसाठी येथे तिचा उल्लेख केला.

दुसरा परिणाम ओढ्याचा आहे आणि तो पाण्याच्या प्रमाणाशी निगडित आहे. आपल्या ओढ्यांना पावसाळा संपल्यावर जे पाणी असते, ते भेगांतून आणि झऱ्यांतूनच येते. तेच पाणी बोअरकडे वळवले आणि त्यावर विजेचा पंप बसवून रात्रंदिवस उपसले, तर ओढा लवकर आटणार. ओढा आटला की दगडावरचा तो बुळबुळीत थर वाळतो, डबक्यांतला प्राणवायू कमी होतो आणि प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू वरचढ होतात. हापशाच्या उपशाने एवढे घडणार नाही, पण पंपांच्या उपशाने घडू शकते. म्हणजे भेग पाडण्यापेक्षा भेगेतून किती उपसायचे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आधीची नोंद

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी जे वाचते ते घरी सांगावे लागते, आणि सांगता सांगता माझे मलाच ते अधिक कळते. पेनसिल्व्हानियाच्या ओढ्यांची हकीकत मी आजीला सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आन् आपल्या पान्यात काय हाय, ते कुनी बगितलंय का?”

या प्रश्नाने मला या विषयाचे मर्म सापडले. ज्युनिआटाच्या संशोधकांना काही सांगता आले, कारण त्यांच्याजवळ विहिरी नसलेले ओढे होते आणि पाच वर्षांची नोंद होती. तुलना करायला काही नसेल, तर बदल झाला हे कशावरून ठरवायचे? आज आपल्या एखाद्या ओढ्याजवळ जलभंजन झाले, सुरुंग लागला, शेततळे झाले किंवा डोंगर फोडून रस्ता आला, आणि उद्या कोणी म्हटले की पाणी बिघडले, तर ‘पूर्वी ते कसे होते’ याचे उत्तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीखेरीज कोठे मिळणार?

सोळा एस जनुक वाचणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे खरे. पण साध्या गोष्टी आवाक्यात आहेत. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाच्या कुपीत पाणी भरून ठेवायचे. विष्ठेतून येणारे जीवाणू असतील तर बहुधा एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. हे काळेपण हायड्रोजन सल्फाइडमुळे येते. अमेरिकेत ज्या वायूच्या धास्तीने विहिरीत औषध ओततात, तोच वायू आपल्याकडे कुपीत दूषित पाण्याची खबर देतो! ही कसोटी प्राथमिक आहे. कुपी काळी झाली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करून घ्यावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे, अशी योजना आहे. अशा संचांनी नियमित तपासणी झाली आणि आकडे वहीत उतरले, तर तीच आपली नोंद होईल.

आपल्या भूगोलाच्या वर्गातील मुले-मुली किती गावांहून येतात! प्रत्येकाने आपल्या गावचा एक ओढा आणि एक हापसा निवडला, आणि वर्षातून तीनदा, म्हणजे पहिल्या पावसानंतर, दिवाळीत आणि होळीच्या सुमारास, पाण्याचा सामू, रंग, वास, तपमान आणि कुपीचा निकाल लिहून ठेवला, तर तीन वर्षांत आपल्या महाविद्यालयाजवळ या खोऱ्यांची अशी वही तयार होईल की जी आज कोणाजवळ नाही. ओढ्यात पाणी किती तारखेपर्यंत टिकले, हेही तीत यावे. जलभंजन करायचे असेल तेथे आधी एक तपासणी आणि नंतर एक, असा आग्रह ग्रामसभेत धरता येईल. नंतरच्या तपासणीत कुपी काळी झाली, तर तेथे टी. सी. एल. पावडर किती टाकायची किंवा जवळचा शोषखड्डा कोठे हलवायचा, हे वेळेवर ठरवता येईल.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे हे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. पण हंडा डोक्यावर घेताना शाखा कोण विचारतो? पाणी तपासण्याची विद्या शास्त्र शाखेकडून घ्यावी. गावात कोणते पाणी कोण पिते, ओढ्याला वरच्या अंगाला काय आहे आणि खालच्या अंगाला काय, हे सांगण्याचे काम आपण करावे. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की पाली गावचा ओढा आणि हापसा यांची पहिली नोंद मी करणार आहे. आपल्या विभागातील प्राध्यापकांनी या वहीला विभागात जागा द्यावी आणि इतर गावांच्या मुला-मुलींनी आपापले ओढे तीत घालावेत, एवढीच विनंती आहे.